ठेका कोणाचा? : जे डिला आणि डेट्रॉइटच्या काळ्या संगीताचा इतिहास

१

अमेरिकेतील काळ्या माणसाच्या विद्रोहाचा आपल्याकडे जो अभ्यास झाला तो मुख्यतः शब्दांच्या वाटेने झाला. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथर या संघटनेवरून घेतले. त्यानंतरच्या वर्षांत काळ्यांची कविता, आत्मकथने आणि भाषणे मराठी नियतकालिकांतून चर्चिली गेली. रिचर्ड राइट, जेम्स बाल्डविन, लँग्स्टन ह्यूज ही नावे आपल्या वाचकाला परकी राहिली नाहीत. ब्लूज आणि जॅझ यांचा उल्लेखही या चर्चेत येत असे. परंतु तो बहुधा साहित्याची पार्श्वभूमी म्हणून येई. काळ्या माणसाने शब्दावाचून जे सांगितले त्याच्याकडे आपले लक्ष त्या मानाने कमी गेले, असे मला वाटते.

प्रस्तुत लेखात मी अशा एका माणसाची कारकीर्द मांडणार आहे की ज्याने आपले सर्वांत मोठे काम जवळजवळ शब्दाविना केले. जेम्स डेविट यान्सी हे त्याचे नाव. प्रथम 'जे डी' आणि २००१ पासून 'जे डिला' या नावाने तो ओळखला गेला. ७ फेब्रुवारी १९७४ रोजी तो डेट्रॉइट शहरात जन्मला आणि १० फेब्रुवारी २००६ रोजी लॉस एंजेलिस येथे वारला. उणेपुरे ३२ वर्षांचे आयुष्य. हिप हॉप संगीतात ज्याला 'प्रोड्युसर' म्हणतात तो हा होता. आपल्याकडे हा शब्द ऐकताच पैसा पुरवणारा चित्रपटनिर्माता डोळ्यांपुढे येतो. येथे अर्थ निराळा आहे. हिप हॉपमधला प्रोड्युसर म्हणजे जुन्या तबकड्यांतून, वाद्यांतून आणि यंत्रातून ठेका आणि सुरावट घडवणारा कारागीर. त्याने घडवलेल्या तुकड्याला 'बीट' म्हणतात. त्यावर रॅप करणारा शब्द बोलतो, टाळ्या घेतो, चित्रात दिसतो. बीट घडवणारा पाठीमागे राहतो. ज्या संगीतात शब्द काढून टाकून हे पाठीमागचे कामच पुढे आणले जाते, ते वाद्यप्रधान हिप हॉप होय.

मी संगीतशास्त्राचा जाणकार नाही. सामाजिक इतिहासाचा विद्यार्थी आहे. म्हणून माझा प्रश्न इतिहासाचा आहे. दुसऱ्याच्या तबकडीवरचे आवाज उचलून जो नवे संगीत रचतो, त्या संगीताचा कर्ता कोण? श्रम कोणाचे, श्रेय कोणाचे आणि पैसा कोणाचा? हे प्रश्न डिलाच्या आयुष्यात एकत्र आले आहेत. त्यांची उत्तरे शोधायची तर आधी डेट्रॉइटची जमीन पाहिली पाहिजे.

२

१९१० साली डेट्रॉइटमध्ये काळ्यांची वस्ती ६,००० हूनही कमी होती. १९२० साली ती ४०,००० च्या वर गेली. दक्षिणेतील कापसाची शेते, जमीनदारांचे कर्ज आणि जमावाच्या हातचा फास यांना कंटाळून ही माणसे मोटारींच्या कारखान्यांकडे आली. कारखान्यांनी त्यांना काम दिले. परंतु जेथे उष्णता आणि धूर जास्त तेथे, म्हणजे भट्टीत आणि ओतशाळेत दिले. शहराने त्यांना राहायला जागा दिली तीही अशीच निवडून. ब्लॅक बॉटम आणि पॅरडाइज व्हॅली या दोन वस्त्यांत ती कोंडली गेली. इतर भागांत घर विकताना खरेदीखतातच अट लिहिलेली असे की हे घर काळ्या माणसाला विकता येणार नाही. अशा अटी न्यायालयाने अंमलात आणू नयेत असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ साली दिला. त्या निकालात डेट्रॉइटच्या एका काळ्या कुटुंबाचा खटलाही होता.

कोंडलेल्या वस्तीतही माणसे गाणे सोडत नाहीत. ब्लॅक बॉटममधून जाणारी हेस्टिंग्ज स्ट्रीट ही ब्लूजची पेठ होती. मिसिसिपीतून आलेला जॉन ली हूकर दिवसा मोटारीच्या कारखान्यात झाडलोट करी आणि रात्री तेथे गाई. पुढे शहरसुधारणेच्या आणि महामार्गाच्या नावाखाली या वस्त्या जमीनदोस्त झाल्या. हेस्टिंग्ज स्ट्रीटवरून क्रायस्लर महामार्ग गेला. १९४३ च्या वांशिक दंगलीत ३४ माणसे मेली होती, त्यांपैकी २५ काळी होती. १९६७ च्या उठावात ४३ माणसे मेली.

शहराच्या ईशान्येला कॉनंट गार्डन्स नावाची एक वस्ती आहे. ही जमीन एके काळी शुबेल कॉनंट या गोऱ्या व्यापाऱ्याची होती. १८३७ साली स्थापन झालेल्या डेट्रॉइटच्या गुलामगिरीविरोधी संस्थेचा तो पहिला अध्यक्ष. या जमिनीच्या खरेदीखतांना वांशिक अट नव्हती. त्यामुळे विसाव्या शतकात शिक्षक, टपाल कर्मचारी, छोटे व्यावसायिक अशा काळ्या कुटुंबांना येथे स्वतःचे घर बांधता आले. येथील इतिहासातली एक गोष्ट मात्र लपवून चालणार नाही. १९४१-४२ साली जवळच काळ्या कामगारांसाठी 'सोजर्नर ट्रूथ' ही सरकारी घरे बांधण्याचे ठरले तेव्हा आपल्या घरांची किंमत उतरेल या भीतीने कॉनंट गार्डन्समधील काही घरमालकांनी प्रारंभी गोऱ्या शेजाऱ्यांच्या बाजूने विरोध केला. फेब्रुवारी १९४२ मध्ये काळे भाडेकरू सामानासह आले तेव्हा गोऱ्या जमावाने त्यांची वाट अडवली आणि रक्त सांडले. पीडितांमध्येही ज्याला चार भिंती मिळाल्या तो भिंतीबाहेरच्याला विसरू शकतो. हे वास्तव इतिहासकाराने नोंदवलेच पाहिजे.

जेम्स यान्सी याच कॉनंट गार्डन्समध्ये वाढला. वडील जॅझ संगीतात बास वाजवणारे आणि गाणारे, आई मॉरीन ऑपेराचे शिक्षण घेतलेली गायिका. शाळेत तो चेलो शिकला. ज्यांना वाटते की यंत्राकडे वळलेल्या मुलाला वाद्य येत नसते, त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

३

डिलाच्या जन्माआधी दोन वर्षे, १९७२ साली, मोटाउन ही ध्वनिमुद्रण कंपनी आपला गाशा गुंडाळून डेट्रॉइटहून लॉस एंजेलिसला गेली. बेरी गॉर्डी या काळ्या तरुणाने १९५९ साली कुटुंबाकडून ८०० डॉलर कर्जाऊ घेऊन ती काढली होती. तो स्वतः मोटार कारखान्यात जोडणीच्या रांगेत काम केलेला माणूस. गाणे एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे सरकत पक्के होत जावे, ही पद्धत त्याने कारखान्यातूनच उचलली. त्याने मोठे काम केले यात शंका नाही. तथापि मोटाउनची वाद्ये ज्यांनी वाजवली, त्या 'फंक ब्रदर्स' वादकांची नावे वर्षानुवर्षे तबकडीच्या वेष्टनावर छापली जात नव्हती. १९७१ साली मार्व्हिन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन' या तबकडीवर ती आली. पुढच्याच वर्षी कंपनी गेली आणि बहुतेक वादक मागे राहिले. डेट्रॉइटच्या वादकाचे श्रम जगभर ऐकू जावेत आणि त्याचे नाव शेजारच्या गल्लीतही ठाऊक नसावे, अशी ही परंपरा होती. डिला तिचाच वारस आहे.

इकडे न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात दुसरेच काही घडत होते. ११ ऑगस्ट १९७३ रोजी सेजविक अ‍ॅव्हेन्यूवरच्या १५२० क्रमांकाच्या इमारतीत, जमैकातून आलेल्या कॅम्पबेल कुटुंबातील सिंडी या मुलीने शाळेचे कपडे घेण्यापुरते पैसे जमावेत म्हणून नाचाचा कार्यक्रम ठेवला. तिचा भाऊ क्लाइव्ह, म्हणजेच डीजे कूल हर्क, तबकड्या वाजवीत असे. गाण्यात गायक थांबतो आणि ढोलवादक एकटा वाजवतो त्या जागेला नाचणारे अधिक उसळतात, हे त्याने हेरले होते. तेवढीच जागा लांबवण्यासाठी तो दोन यंत्रांवर एकच तबकडी लावून तो तुकडा पुन्हा पुन्हा वाजवू लागला. हिप हॉपचा पाया हा असा घातला गेला. वाद्ये विकत घेण्याची ऐपत नसलेल्या मुलांनी आईबापांच्या तबकड्यांनाच वाद्य केले. १९८० नंतर सॅम्पलर नावाचे यंत्र आले. कुठलाही आवाज यंत्रात साठवायचा, त्याचे तुकडे करायचे आणि बोटाने दाबून हवे तेव्हा वाजवायचे. यालाच सॅम्पलिंग म्हणतात.

४

पर्शिंग हायस्कूलमध्ये डिलाला टी-थ्री आणि बाटिन हे दोन मित्र मिळाले. या तिघांचा गट म्हणजे 'स्लम व्हिलेज'. त्याच वस्तीत अँप फिडलर हा कीबोर्डवादक राहत असे. जॉर्ज क्लिंटनच्या पार्लमेंट-फंकाडेलिक या प्रसिद्ध चमूत तो वाजवी. त्याचे घर वस्तीतल्या मुलांना खुले होते आणि त्याच्याकडे अकाई कंपनीचे एमपीसी हे यंत्र होते. डिला ते यंत्र त्याच्या घरी शिकला. ना शुल्क, ना प्रवेशपरीक्षा, ना प्रमाणपत्र. अँप फिडलर डिसेंबर २०२३ मध्ये निवर्तला. त्याच्याविषयी लिहिताना जगाने त्याला डिलाचा गुरू म्हणूनही आठवले.

१९९४ साली 'लोलापलूझा' या फिरत्या संगीत महोत्सवात फिडलरने डिलाची गाठ 'अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट' या न्यूयॉर्कच्या गटातील क्यू-टिपशी घालून दिली. तेथून त्याच्या कामाला वेग आला. १९९५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या 'द फारसाइड' या गटाचा 'लॅबकॅबिनकॅलिफोर्निया' हा अल्बम निघाला; त्यातले 'रनिन' हे गाणे डिलाच्या बीटवर आहे. स्टॅन गेट्झ आणि लुईझ बोन्फा यांच्या ब्राझिली सुरावटीचा एक तुकडा त्याने त्यात बसवला होता. १९९६ मध्ये 'डी ला सोल'चे 'स्टेक्स इज हाय' हे गाणे आले. त्यात पियानोवादक अहमद जमाल यांचा तुकडा आहे. पुढे कॉमन, एरिका बाडू अशा कलावंतांसाठी त्याने काम केले.

याच काळात क्यू-टिप, अली शहीद मुहम्मद आणि डिला मिळून 'द उम्मा' या नावाने काम करू लागले. उम्मा म्हणजे समुदाय. कल्पना उदात्त होती. परंतु समुदायाच्या नावाखाली एका माणसाचे हात झाकले गेले. 'ट्राइब' आधीच प्रसिद्ध असल्यामुळे ऐकणाऱ्याला हे काम त्यांचेच वाटे. कोणी मुद्दाम फसवले असे मी म्हणत नाही. व्यवस्थेला फसवण्यासाठी खलपुरुषाची गरज लागत नाही. ज्याचे नाव आधीच मोठे आहे त्याच्याकडे श्रेय आपोआप वाहत जाते. फंक ब्रदर्सचे जे झाले त्याचीच ही सौम्य आवृत्ती.

स्लम व्हिलेजचे पहिले ध्वनिमुद्रण १९९७ च्या सुमारास कॅसेटच्या प्रतींवरून हातोहात फिरले. दुसरा अल्बम मोठ्या कंपन्यांच्या विलीनीकरणात अडकला आणि अखेर २००० साली बाहेर आला. तोवर जाणकार वादकांमध्ये डिलाचे नाव पोचले होते आणि सामान्य श्रोत्याला मात्र ते ठाऊक नव्हते.

५

या वादकांनी त्याच्यात काय ऐकले? हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण डिलाचे ऐतिहासिक महत्त्व येथेच आहे.

ठेका वाजवणारे यंत्र मुळात हिशेबी असते. माणसाने बटण थोडे आधी वा थोडे नंतर दाबले, तर यंत्र तो ठोका ओढून बरोबर जागेवर बसवते. डिला ज्यावर काम करी त्या एमपीसी ३००० यंत्रात एका ठोक्याचे ९६ भाग पडतात. मिनिटाला ९० ठोके धरले तर असा एक भाग सेकंदाच्या १४४ व्या हिश्श्याएवढा होतो. यंत्राचा रचनाकार रॉजर लिन याने त्यात झोल देण्याचीही सोय केली होती: दर दुसरा सूक्ष्म ठोका थोडा उशिरा पाडायचा, म्हणजे ठेका डुलतो. ही सोय सगळेच वापरीत. परंतु सगळ्या वाद्यांना झोल सारखाच.

डिलाने हे सारखेपण मोडले. त्याने एकाच बीटमध्ये एका वाद्याला सरळ ठेवले, दुसऱ्याला डुलवले, टाळीसारखा वाजणारा स्नेअरचा ठोका किंचित आधी आणला आणि पायाने वाजणाऱ्या मोठ्या ढोलाला रेंगाळू दिले. परिणामी तीन-चार माणसे एकाच रस्त्याने आपापल्या चालीने चालत आहेत आणि तरीही बरोबर आहेत, असा भास होतो. लेखक डॅन चार्नस याने २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या 'डिला टाइम' या ग्रंथात हे तपशिलाने दाखवले आहे. पुष्कळांचा समज असा होता की डिला यंत्राची दुरुस्तीची सोय बंद करून नुसता हाताने वाजवी. चार्नसचे म्हणणे असे की हे विस्कळीतपण जाणीवपूर्वक, मोजून-मापून रचलेले आहे. मला हा मुद्दा सामाजिक दृष्ट्याही मोलाचा वाटतो. काळ्या कलावंताच्या निर्मितीला 'उपजत' म्हणण्याची गोऱ्या समीक्षेला जुनी सवय आहे. उपजत म्हटले की बुद्धीचे श्रेय द्यावे लागत नाही. डिलाचा ठेका हा विचार आहे, आणि विचार करणाऱ्याला विचारवंताचा मान दिला पाहिजे.

'द रूट्स'चा ढोलवादक क्वेस्टलव्ह याने सांगितले आहे की डिलाचा ठेका प्रथम ऐकला तेव्हा तो चक्रावून गेला. ढोलवादकाने आयुष्यभर अचूकपणाची साधना करायची आणि येथे एक मुलगा अचूकपणाच मोडून बसला होता. २००० साली डी'अँजेलोचा 'वूडू' हा अल्बम आला. त्यात क्वेस्टलव्हने हाडामांसाच्या हातांनी डिलाच्या यंत्रासारखे रेंगाळत वाजवले. म्हणजे माणसाने यंत्रात माणूस घातला आणि मग माणसे त्या यंत्रापासून शिकली. पुढे रॉबर्ट ग्लास्परसारखे जॅझ पियानोवादक याच चालीने वाजवू लागले. आज न्यूयॉर्क विद्यापीठात डिलावर अभ्यासक्रम शिकवला गेला आहे.

ज्या शहराने मोटारीच्या जोडणीची रांग जगाला दिली, त्याच शहरातल्या एका मुलाने रांगेतल्या प्रत्येक हाताला स्वतःची चाल परत दिली. हा केवळ योगायोग आहे असे कोणी म्हणेल. मी तसे म्हणणार नाही.

६

आता चोरीच्या आरोपाकडे वळू. सॅम्पलिंग म्हणजे चोरी, असे अमेरिकेतील एका न्यायालयाने १९९१ साली बिझ मार्की या रॅपरच्या खटल्यात बायबलमधील आज्ञेचा आधार घेऊन सांगितले. २००४-०५ मध्ये सहाव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने ब्रिजपोर्ट खटल्यात आणखी कडक भूमिका घेतली: ध्वनिमुद्रणाचा कितीही छोटा तुकडा परवान्याशिवाय घेऊ नये. डेट्रॉइट ज्या मिशिगन राज्यात आहे ते याच न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात येते.

वरवर पाहता हे न्याय्य वाटते. ज्याने वाजवले त्याला पैसा मिळायला नको काय? अवश्य मिळायला हवा. परंतु प्रत्यक्षात काय होते ते पाहा. ब्रिजपोर्ट खटल्यातला तुकडा होता जॉर्ज क्लिंटनच्या फंकाडेलिकच्या गाण्यातला, गिटारचा सुमारे दोन सेकंदांचा. खटला क्लिंटनने भरलेला नव्हता. हक्क बाळगणाऱ्या कंपन्यांनी भरला होता. स्वतः क्लिंटन आपल्याच गाण्यांच्या हक्कांसाठी वर्षानुवर्षे न्यायालयांत झगडत होता.

दुसरे उदाहरण घ्या. जेम्स ब्राउनच्या 'फंकी ड्रमर' या १९७० साली निघालेल्या गाण्यातला ढोलाचा तुकडा हिप हॉपमध्ये असंख्य वेळा वापरला गेला. तो वाजवणारा क्लाइड स्टबलफील्ड गाण्याचा रचनाकार म्हणून नोंदलेला नव्हता. म्हणून त्याच्या वाट्याला मानधनाचा हक्क आला नाही. तो २०१७ साली वारला. 'द विन्स्टन्स' गटाच्या १९६९ मधील 'आमेन, ब्रदर' या गाण्यातला सुमारे सात सेकंदांचा तुकडा हा जगात सर्वाधिक उचलला गेलेल्या ठेक्यांपैकी एक मानतात. तो वाजवणारा ग्रेगरी कोलमन २००६ साली निर्धन आणि बेघर अवस्थेत मेला. डिला गेला तेच हे वर्ष.

याचा अर्थ असा की कायदा सुरावटीला आणि शब्दाला मालमत्ता मानतो. ठेक्याला मानत नाही. सुरावट कागदावर लिहिता येते, ठेक्याची चाल लिहिता येत नाही. ज्या लोकांची प्रतिभा ठेक्यात आहे त्यांची प्रतिभा म्हणूनच बेवारस ठरते. डिलाही येथे दोन्ही बाजूंनी सापडतो. तो दुसऱ्याचे आवाज घेतो तेव्हा कायदा त्याला चोर म्हणतो; आणि त्याची चाल जग उचलते तेव्हा कायदा गप्प बसतो.

डिलाने घेतले ते फुकट घ्यावे असे माझे म्हणणे नाही. जुन्या वादकांचे देणे द्यायलाच हवे आणि ते वादकाच्या हातात पडायला हवे. माझे म्हणणे एवढेच की कायद्याने ज्याला मालक ठरवले तो आणि ज्याने वाजवले तो, हे दोघे एकच आहेत असे इतिहासकाराने गृहीत धरू नये.

७

२००१ साली लंडनच्या बीबीई या छोट्या कंपनीने डिलाचा 'वेलकम टू डेट्रॉइट' हा अल्बम काढला. त्यानंतर एमसीए या बड्या कंपनीने त्याच्याशी करार केला. त्याने अल्बम तयार केला, कंपनीने तो फडताळात ठेवला. २००३ मध्ये ती कंपनीच दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. 'द डायरी' या नावाने तो अल्बम बाहेर पडला २०१६ साली, त्याच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी.

बड्यांच्या दारात अडकून बसण्यापेक्षा त्याने २००३ मध्ये 'रफ ड्राफ्ट' ही छोटेखानी तबकडी जर्मन वितरकाच्या मदतीने स्वतःच काढली. जाणूनबुजून खरखरीत, घासूनपुसून गुळगुळीत न केलेली. त्याच वर्षी मॅडलिब या कॅलिफोर्नियाच्या प्रोड्युसरसह त्याचा 'चँपियन साउंड' हा अल्बम 'स्टोन्स थ्रो' या स्वतंत्र कंपनीने काढला. स्वतंत्र राहणे म्हणजे येथे छंद नव्हता. मोठ्या कंपनीत पैसा होता पण काम कोंडले जाई. छोट्या कंपनीत काम लोकांपर्यंत जाई पण पैसा बेताचा. डिलाने काम निवडले.

तोवर शरीर फितूर झाले होते. टीटीपी हा रक्ताचा दुर्मीळ विकार आणि ल्युपस या आजारांनी त्याला गाठले. तो लॉस एंजेलिसला राहायला गेला. आई डेट्रॉइट सोडून शुश्रूषेला आली. २००५ मध्ये बराच काळ तो रुग्णालयात होता. वर्षाच्या अखेरीस युरोपच्या दौऱ्यात तो चाकाच्या खुर्चीत बसून रंगमंचावर आला.

७ फेब्रुवारी २००६ रोजी, त्याच्या बत्तिसाव्या वाढदिवशी, 'डोनट्स' हा अल्बम निघाला. ३१ तुकडे, एकूण सुमारे ४३ मिनिटे आणि रॅप जवळजवळ नाहीच. तीन दिवसांनी तो गेला. हा सगळा अल्बम त्याने रुग्णशय्येवर रचला अशी आख्यायिका झाली. रुग्णालयात तबकड्या आणि छोटे यंत्र आणून दिल्याचे आणि त्याची सुजलेली बोटे चोळून दिल्याचे त्याच्या आईने सांगितले आहे. त्यावर अविश्वास दाखवण्याचे कारण नाही. परंतु चार्नसच्या संशोधनावरून दिसते की अल्बमचा गाभा आधीच्या एका बीट टेपमध्ये तयार होता आणि त्याला अंतिम लांबी देण्यात कंपनीतल्या सहकाऱ्याचाही हात होता. मला हे सत्य आख्यायिकेपेक्षा अधिक मोलाचे वाटते. मरणाच्या दारातला चमत्कार म्हटला की आधीच्या पंधरा वर्षांच्या कष्टांवर पडदा पडतो.

या अल्बममध्ये 'डोन्ट क्राय' नावाचा तुकडा आहे. त्यातला आवाज 'द एस्कॉर्ट्स' या गटाचा. १९७० नंतरच्या वर्षांत न्यू जर्सीतील राहवे तुरुंगातल्या कैद्यांनी हा गट उभारला आणि कैदेत असतानाच त्यांची तबकडी निघाली. डिला आधी त्यांना सरळ गाऊ देतो. मग त्या आवाजाचे बारीक तुकडे करतो आणि ते अशा रीतीने पुन्हा मांडतो की रडू नकोस असे विनवणारा सूर स्वतःच हुंदका देऊ लागतो. मूळ गाणे प्रियकराचे प्रेयसीसाठी होते. डिलाच्या हातून ते जाणाऱ्याने मागे राहणाऱ्यांसाठी गायलेले गाणे होते. एक शब्दही त्याने स्वतःचा घातलेला नाही. मूळ गायकाला पुसून टाकणे याला चोरी म्हणावे. येथे विसरलेल्या कैद्यांचा आवाज तीस वर्षांनी पुन्हा ऐकू आला आहे.

अल्बमच्या पहिल्या तुकड्याला 'आउट्रो', म्हणजे समारोप, असे नाव दिले आहे आणि शेवटच्याचे नाव 'वेलकम टू द शो'. शेवट पुन्हा आरंभाला जाऊन मिळतो.

८

मृत्यूनंतर मागे राहिले ते कर आणि औषधोपचार यांचे कर्ज. त्याची मालमत्ता न्यायालयाच्या देखरेखीखाली गेली आणि त्याच्या संगीतावर, नावावर कोणाचा अधिकार, याचे तंटे वर्षानुवर्षे चालले. ज्या आईने त्याची बोटे चोळली तिला त्याच्या कामाबाबत प्रारंभी फारसा अधिकार नव्हता. तीही ल्युपसने आजारी होती. जगातल्या चाहत्यांनी कार्यक्रम करून तिच्यासाठी मदत उभी केली. २००९ साली लॉस एंजेलिसमध्ये वाद्यवृंदाने डिलाच्या रचना वाजवल्या, त्या कार्यक्रमाला नावही त्याच्या आईचे दिले होते.

२०१४ मध्ये मॉरीन यान्सी यांनी त्याचे एमपीसी ३००० यंत्र स्मिथसोनियन संस्थेला देण्याचे ठरवले. २०१६ साली वॉशिंग्टनमध्ये आफ्रिकन-अमेरिकन इतिहासाचे राष्ट्रीय संग्रहालय उघडले आणि डिलाचे यंत्र तेथे काचेमागे ठेवले गेले. संग्रहालयात जागा मिळाली हे चांगलेच झाले. परंतु राष्ट्र यंत्र जतन करते आणि ते चालवणाऱ्याच्या घरी कर्जाची नोटीस जाते, या दोन्ही गोष्टी एकाच इतिहासाची पाने आहेत. एक पान दाखवून दुसरे झाकणाऱ्याला मी इतिहासकार म्हणणार नाही.

मग ठेका कोणाचा? माझे उत्तर असे आहे. तो हेस्टिंग्ज स्ट्रीटवर वाजवून पहाटे कामावर जाणाऱ्यांचा आहे. ज्यांची नावे वेष्टनावर छापली नाहीत त्या वादकांचा आहे. स्टबलफील्डचा, कोलमनचा आणि राहवेच्या कैद्यांचा आहे. आपले घर उघडे ठेवणाऱ्या अँप फिडलरचा आहे. आणि या सगळ्यांना एका यंत्रात बसवून, प्रत्येकाला त्याच्या चालीने चालू देणाऱ्या जेम्स यान्सीचा आहे. कागदावर तो ज्यांच्या मालकीचा आहे त्यांची नावे न्यायालयांच्या दप्तरात सुरक्षित आहेत. ती जपण्यासाठी वकील आहेत. वाजवणाऱ्यांची नावे जपायला कोणी नेमलेले नाही. ते काम इतिहास लिहिणाऱ्यांनी केले पाहिजे.